हायपरसॉनिक विमानासाठी रोबस्ट कंट्रोल: पद्धत निवडण्याआधी करायचे दोन हिशेब

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: मॅक ६ ते ८ च्या, म्हणजे आवाजाच्या सहा ते आठपट वेगाच्या पट्ट्यात उडणाऱ्या स्क्रॅमजेट (आवाजापेक्षा वेगवान हवेतच इंधन जाळणारं इंजिन) विमानाचं उभ्या प्रतलातलं मॉडेल तुम्ही घेतलंय. त्यावर अडॅप्टिव्ह, म्हणजे उडताना स्वतःला बदलणारा, स्लायडिंग मोड कंट्रोलर (चूक जोरदार आदेशांनी ठरलेल्या रेषेवर ओढून धरणारा) बसवलाय. वायुगतिकीचे गुणांक ३० टक्क्यांनी वरखाली केले तरी वेग आणि उंचीचे आलेख हवे तसे येतात. मार्गदर्शक मात्र एच-इन्फिनिटी (सगळ्यात वाईट परिस्थितीतला परिणाम कमीत कमी ठेवणारी पद्धत) वापरायला सांगतात, आणि या दोन्हींत खरी रोबस्ट, म्हणजे मॉडेल चुकलं तरी टिकणारी पद्धत कोणती, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

माझ्या अनुभवात दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्ही फसतातही. फसतात तेव्हा कारण बहुतेक वेळा पद्धतीत नसतं. दोन हिशेब आधी करायचे राहून गेलेले असतात. पहिला हिशेब असा की या विमानावर लूप, म्हणजे मोजून दुरुस्त करत राहणारं नियंत्रणाचं चक्र, किती वेगवान ठेवणं भाग आहे आणि जास्तीत जास्त किती वेगवान ठेवता येईल. दुसरा असा की ट्रिमसाठी, म्हणजे विमान समतोलात ठेवण्यासाठी, लागणारं वळण वजा केल्यावर फिनकडे (वळणाऱ्या नियंत्रण-पंखांकडे) किती ताकद उरते. हे दोन आकडे हाती नसतील तर ३० टक्के अनिश्चितता झेलल्याचा दावा तपासायचा तरी कशावर?

आधी हे विमान कुठल्या वातावरणात उडतं ते आकड्यांत पाहू. ३० किलोमीटर उंचीवर मॅक ७ म्हणजे सेकंदाला सुमारे २,१०० मीटर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने साठपटींहून जास्त विरळ, तरी या वेगामुळे गतिज दाब (वेगामुळे हवेचा पडणारा दाब) ४० किलोपास्कलच्या घरात जातो. मार्गाचा कोन एका अंशाने चुकला तर उभा वेग सेकंदाला ३७ मीटर होतो. दहा सेकंदांत उंची ३७० मीटरनी बदलते आणि हवेची घनता सुमारे ५ टक्क्यांनी. एवढी घनता बदलली की इंजिनात शिरणारी हवा बदलते आणि थ्रस्टही बदलतो. आता उलट बाजू पाहा. १ जी एवढा जादा प्रवेग दिला तरी मार्गाचा कोन सेकंदाला जेमतेम पाव अंश वळतो. म्हणजे चूक पटकन वाढते आणि दुरुस्ती सावकाश होते. उंचीचा बाहेरचा लूप संथ आणि अँगल ऑफ अटॅकचा (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाच्या कोनाचा) आतला लूप चपळ ठेवावा लागतो तो यामुळेच.

आतला लूप किती चपळ, हा पहिला हिशेब. त्यावर मी जरा जास्त वेळ घेतो, कारण नवख्या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात.

अशा विमानाचं लांबट नाक हेच इंजिनासाठी हवा दाबणारा उतार असतं. या उतारावर उचल तयार होते आणि ती गुरुत्वमध्याच्या पुढे असते. त्यामुळे विमान स्वतःहून अस्थिर असतं, नाक वर गेलं की आणखी वर जायला बघतं. अस्थिर पोल (अशी चूक किती वेगाने वाढते ते सांगणारा आकडा) असला की लूप त्याच्या निदान दुप्पट वेगाचा हवा, नाहीतर आवरणं कठीण. ही झाली खालची मर्यादा.

वरच्या मर्यादा अनेक आहेत. पहिली मर्यादा शेपटीची. वर चढायचं तर शेपटीकडचा एलेव्हेटर मागची कड वर करून शेपूट खाली ढकलतो. या क्षणी एकूण उचल कमी होते. विमान आधी थोडं खाली बसतं आणि मग नाक वर आल्यावर चढू लागतं. नियंत्रणाच्या भाषेत हा उजव्या अर्धप्रतलातला झीरो, म्हणजे नॉन-मिनिमम फेज. लूपचा वेग या झीरोच्या साधारण निम्म्यापुढे नेता येत नाही. कंट्रोलर बदलून ही मर्यादा हलत नाही, कारण ती विमानाच्या घडणीतून आलेली असते. काही अभ्यासांत पुढे कॅनार्ड (नाकाजवळचे छोटे पंख) जोडून उचलीतली ही घट भरून काढतात आणि झीरो दूर ढकलतात. कागदावर ते सोपं आहे. प्रत्यक्षात कॅनार्ड तापलेल्या नाकाजवळ आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेत येतो, म्हणून तो गृहीत धरण्याआधी रचनाकारांशी बोला. कॅनार्ड नसेल तर आतल्या लूपमध्ये मार्गाच्या कोनाऐवजी पिच कोन (नाकाचा क्षितिजाशी कोन) किंवा अँगल ऑफ अटॅक आवरा आणि मार्गाचा कोन बाहेरच्या संथ लूपवर सोडा.

दुसरी मर्यादा लवचीकतेची. बॉलेंडर आणि डोमन यांनी २००७ मध्ये मांडलेलं मॉडेल आज बहुतेक जण वापरतात, तुमचंही त्याच घराण्यातलं दिसतं. अशा मॉडेलांत धड वाकण्याचा पहिला कंप सेकंदाला ३ आवर्तनांच्या आसपास येतो. नाक किंचित वाकलं की शॉकचा (नाकापासून निघणाऱ्या धक्कालहरीचा) कोन बदलतो, इंजिनात शिरणारी हवा बदलते आणि थ्रस्ट बदलतो. इंजिन पोटाखाली असल्यामुळे थ्रस्ट बदलला की नाक उचलणारा आघूर्णही बदलतो. नाकाचा थरथराट असा इंजिनातून फिरून पुन्हा नाकाकडेच येतो. सेन्सर कुठे बसवलाय यावरून हा कंप लूपला किती दिसतो ते ठरतं. इंधन संपत जातं, त्वचा तापते, आणि त्यासोबत कंपाची आवर्तनंही सरकतात. म्हणून नॉच फिल्टर (ठरावीक आवर्तनं अडवणारा) अरुंद ठेवून चालत नाही, आणि रुंद केला की तो फेज खातो, म्हणजे लूपचं उत्तर मागे पडतं.

तिसरी मर्यादा विलंबाची. समजा लूपचा क्रॉसओव्हर, म्हणजे त्याच्या वेगाचा आकडा, सेकंदाला ६ रेडियन आहे. सेन्सर, गणन आणि आदेश पोहोचणं मिळून ४० मिलिसेकंद विलंब असेल तर १४ अंश फेज तिथेच गेला. ॲक्च्युएटरची (फिन वळवणाऱ्या यंत्रणेची) बँडविड्थ, म्हणजे तो किती झपाट्याने साथ देतो ती मर्यादा, २० रेडियन धरली तर आणखी १७ अंश. एकूण ३१ अंश गेले आणि झीरोचा वाटा अजून मोजलेलाच नाही. तो झीरो १२ रेडियनवर असेल तर तो एकटा ५३ अंश घेतो. लष्करी विमानांच्या जुन्या नियमांतून आलेला ४५ अंश फेज मार्जिन (लूप बिघडण्याआधी शिल्लक असलेला फेज) आणि ६ डेसिबल गेन मार्जिन (गेन, म्हणजे चुकीला दिलेल्या उत्तराची तीव्रता, अजून किती वाढू शकते ते) हा निकष समोर ठेवून पाहा, हात किती आखडतो ते लगेच जाणवेल.

आता खालची मर्यादा आणि वरच्या मर्यादा एका रेषेवर मांडा. मध्ये जी खिडकी उरते तेवढ्यातच तुमच्या कंट्रोलरने राहायचं आहे, मग तो एच-इन्फिनिटी असो की स्लायडिंग मोड. नियंत्रणतज्ज्ञ गुंटर स्टाइन यांनी १९८९ च्या बोडे व्याख्यानात हेच परखडपणे सांगितलं होतं: फीडबॅकने आवर्तनांच्या एका पट्ट्यात संवेदनशीलता (गोंधळाचा परिणाम) दाबली की ती दुसऱ्या पट्ट्यात फुगतेच, आणि अस्थिर विमानात जास्तच फुगते. ती कुठे फुगू द्यायची एवढंच पद्धतीच्या हातात असतं. काही वेळा खिडकी उरतच नाही. तेव्हा गुरुत्वमध्य पुढे सरकवा किंवा शेपूट मोठी करा, असं रचनाकारांना सांगणं हेच नियंत्रण अभियंत्याचं काम असतं. आणि ते सांगायला उशीर झाला तर महाग पडतं.

दुसरा हिशेब फिनच्या ताकदीचा. याची शिकवण उड्डाणांनीच दिली आहे.

१२ एप्रिल १९८१ ला स्पेस शटल पहिल्यांदा अंतराळात गेलं. परतताना हायपरसॉनिक टप्प्यात ट्रिमसाठी मागच्या बॉडी फ्लॅपला अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट वळावं लागलं. इतक्या तापमानाला हवेच्या रेणूंची मोडतोड होते, दाबाची वाटणी बदलते, आणि वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांत ते पुरतं दिसलं नव्हतं. शटल सुखरूप उतरलं, कारण फ्लॅपकडे वळायला जागा शिल्लक होती. ही जागा कुठल्याही रोबस्ट सूत्राने निर्माण केली नव्हती. ती रचनेत ठेवलेली होती.

उलट उदाहरण एचटीव्ही-२ या अमेरिकी प्रायोगिक हायपरसॉनिक ग्लायडरचं. २२ एप्रिल २०१० च्या पहिल्या उड्डाणात नऊ मिनिटांनी संपर्क तुटला. चौकशीत निघालं की यॉ (नाकाचं डावी-उजवीकडे वळणं) अंदाजापेक्षा जास्त झाला, तो रोलमध्ये (लांबीच्या अक्षाभोवती लोळण्यात) मिसळला आणि उपलब्ध नियंत्रणक्षमता ओलांडली गेली. पुढच्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य सरकवला, अँगल ऑफ अटॅक कमी केला आणि फ्लॅपच्या मदतीला छोटे थ्रस्टर घेतले. या तीनही दुरुस्त्या ताकदीच्या हिशेबातल्या आहेत. ११ ऑगस्ट २०११ च्या त्या उड्डाणात वायुगतिकीय नियंत्रण टिकलं, पुढे त्वचेचे भाग सुटल्यामुळे ते उड्डाण थांबलं.

तुमचं मॉडेल फक्त उभ्या प्रतलातलं आहे, म्हणून इथे एक सूचना. या वेगाला सगळ्यात वाईट आश्चर्यं बाजूच्या प्रतलात भेटतात. मोठ्या अँगल ऑफ अटॅकवर शेपूट धडाच्या सावलीत जाते. उभ्या शेपटीचं स्थैर्य मॅकसोबत घटतं, एक्स-१५ या प्रायोगिक रॉकेट विमानाला जाडजूड पाचरीसारखी शेपूट द्यावी लागली ती यासाठीच. एलेव्हॉन (पिच आणि रोल दोन्ही देणारा फिन) रोलसाठी वळवला की तो यॉही देतो. साइडस्लिपमधून (हवा किंचित बाजूने येण्यातून) येणारा रोल त्यात मिसळला की विमान आदेशाच्या उलट दिशेलाही लोळू शकतं. रोलच्या आदेशाला मिळणाऱ्या उत्तराचं चिन्हच बदललं तर गेन कितीही सुंदर असो, लूप विमानाला ढकलूनच देणार. साइडस्लिप मोजणंही सोपं नाही. सेकंदाला ४० मीटरचा आडवा वारा मॅक ७ ला एक अंशाहून थोडा जास्त साइडस्लिप देतो, आणि फक्त जडत्वीय सेन्सरांवरून काढलेल्या कोनाला त्या वाऱ्याचा पत्ताच नसतो.

आता पद्धतींविषयी माझं मत सांगतो.

उड्डाणासाठी कंट्रोलर द्यायचा झाला तर आजही माझी पहिली निवड म्हणजे गतिज दाब आणि मॅकनुसार गेन शेड्यूलिंग केलेला, म्हणजे ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गेन बदलणारा, रेषीय कंट्रोलर, एच-इन्फिनिटी लूप शेपिंगने घडवलेला आणि म्यू-विश्लेषणाने (सगळ्या अनिश्चितता एकत्र धरून मार्जिन मोजणाऱ्या पद्धतीने) तपासलेला. तो जुना आहे म्हणून नव्हे. अनिश्चितता कुठे आणि किती, हे त्यात लिहून दाखवावं लागतं: गुणांकांत किती, ॲक्च्युएटरमध्ये किती, कंपाच्या आवर्तनांत किती. मार्जिन एका आकड्यात मिळतो आणि तो चाचणीत तपासता येतो. १९७८ मध्ये संशोधक जॉन डॉयल यांनी दाखवलं की एलक्यूजी या गणिताने सर्वोत्तम ठरवलेल्या कंट्रोलरला मार्जिनची कुठलीही हमी नसते. सर्वोत्तम म्हणवणारा कंट्रोलर काठावर उभा असू शकतो, हे तेव्हा लोकांना पटलं आणि रोबस्ट कंट्रोलच्या शाखेला वेग आला. या पद्धतीची कमजोरीही सांगतो. शेड्यूलच्या दोन बिंदूंमध्ये काय होतं याची हमी आपोआप मिळत नाही, आणि विमान झपाट्याने वेग घेत असेल तर गोठवलेल्या बिंदूंवरचं विश्लेषण पुरत नाही. तिथे एलपीव्ही, म्हणजे बदलती स्थिती मॉडेलमध्येच धरणारी रेषीय पद्धत, मदतीला येते.

डायनॅमिक इन्व्हर्जनमध्ये तुम्ही मॉडेलच उलटवता, म्हणजे मॉडेलची चूक थेट आत घेता. आणि नॉन-मिनिमम फेज विमान सरळ उलटवलं तर आतली गतिकी अस्थिर होते. उंची तंतोतंत पाळताना आत फिन अमर्याद वळत जातात. कोणत्या आउटपुटवर उलटवायचं हे नीट ठरवलं तर पद्धत चांगली आहे. कोनीय प्रवेग मोजून वापरणारा तिचा इन्क्रिमेंटल प्रकार वायुगतिकीच्या मॉडेलवर कमी विसंबतो, पण विलंब आणि लवचीक कंप त्याला फार बोचतात.

स्लायडिंग मोडचं गणित मला मनापासून आवडतं. आदेश ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने गोंधळ येत असेल तर तो पूर्ण झेलता येतो, हे विधान फार ताकदीचं आहे. मात्र ते ॲक्च्युएटर तत्काळ हलतो असं धरून केलेलं असतं. खरा फिन सेकंदाला ठरावीक अंशच वळतो. मग चॅटरिंग, म्हणजे आदेशाची झपाझप उलटसुलट थरथर, येतं, त्याच्या आवर्तनांत कंपाचा पहिला मोड सापडला तर तो चेतवला जातो. बाउंडरी लेयर (रेषेभोवतीचा सौम्य पट्टा) टाकली की चॅटरिंग जातं आणि उरतो एक हाय-गेन कंट्रोलर, ज्याला वरची सगळी बंधनं लागू. सुपर-ट्विस्टिंग प्रकारात आदेश सलग मिळतो, पण ॲक्च्युएटरच्या गतीची मर्यादा तिथेही सुटत नाही.

एक्स्टेंडेड स्टेट ऑब्झर्व्हर किंवा डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर, म्हणजे बाहेरच्या गोंधळाचा अंदाज बांधून तो भरून काढणाऱ्या पद्धती, यांबद्दल एवढंच: ऑब्झर्व्हरची बँडविड्थ कंपाच्या आवर्तनांपर्यंत नेली की तो धडाच्या थरथरीला बाहेरचा गोंधळ समजतो आणि ती भरून काढायला फिन हलवतो. बँडविड्थ खाली ठेवली तर ही फार उपयोगी चीज आहे. बॅकस्टेपिंगमध्ये (कंट्रोलर पायरीपायरीने रचण्याच्या पद्धतीत) प्रत्येक पायरीला आदेशाचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचे दर, लागतात, ते फिल्टरने घेतले की पुन्हा विलंब येतो, म्हणून तो मोजा.

अडॅप्टिव्ह कंट्रोलवर बोलताना मला नेहमी १५ नोव्हेंबर १९६७ आठवतो. एक्स-१५ च्या तिसऱ्या विमानात एमएच-९६ नावाचा, स्वतः गेन बदलणारा कंट्रोलर होता. तो गेन वाढवत काठापर्यंत न्यायचा आणि बारीक दोलन दिसलं की कमी करायचा. आधीच्या अनेक उड्डाणांत त्याने उत्तम काम केलं. त्या दिवशी वैमानिक मायकेल ॲडम्स सुमारे ८१ किलोमीटर उंचीवर गेले. विद्युत बिघाड झाला, विमानाची दिशा भरकटली आणि मॅक ५ च्या आसपास ते स्पिनमध्ये गेलं. ॲडम्स त्यातून बाहेर पडले. पण खाली येताना गतिज दाब झपाट्याने वाढत होता, पिचमध्ये मोठं लिमिट सायकल (न थांबणारं दोलन) सुरू झालं, आणि गेन कमी व्हायला हवा होता तेव्हा याच दोलनाने तो कमी होऊ दिला नाही. विमान सुमारे १९ किलोमीटर उंचीवर तुटलं, ॲडम्स गेले. गेन बदलण्याचा तर्क लहान दोलनांसाठी रचला होता. फिन आपल्या कमाल गतीला टेकलेले असताना तो तर्क वेगळ्याच जगात होता. तुमच्या अडॅप्टिव्ह नियमात फिन संतृप्त झाल्यावर, म्हणजे आपल्या मर्यादेला टेकल्यावर, काय होतं, हे सिद्धतेत लिहिलंय का? नसेल तर आधी ते लिहा. संतृप्तीत अडॅप्टेशन थांबवणं आणि गेनला वरून मर्यादा घालणं एवढं तरी हवंच.

मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा, याचं उत्तर एक्स-४३ए या प्रायोगिक स्क्रॅमजेट विमानाच्या पहिल्या उड्डाणाने दिलं. २ जून २००१ ला विमानाला वेगात नेणारा बूस्टरच ताब्याबाहेर गेला. चौकशी मंडळाने मूळ कारण म्हणून त्या मार्गासाठी नियंत्रणाची रचना अपुरी ठरवली. वायुगतिकी, फिनची ॲक्च्युएटर यंत्रणा आणि वस्तुमान यांची मॉडेलं अचूक नव्हती आणि त्यामुळे मार्जिन फुगून दिसले होते. कागदावर मार्जिन होताच, पण चुकीच्या मॉडेलवर मोजलेला. २००४ मध्ये दुरुस्त रचनेने याच मालिकेतली पुढची विमानं मार्चमध्ये मॅक ६.८ आणि नोव्हेंबरमध्ये मॅक ९.६ च्या पुढे गेली.

याचा छोटा अनुभव मीही घेतलाय. एका प्रकल्पात आम्ही फिनचा ॲक्च्युएटर साधा पहिल्या क्रमाचा लॅग धरला होता. सिम्युलेशन गुळगुळीत. बाकावर फिनवर भार टाकून खरा ॲक्च्युएटर लूपमध्ये जोडला तेव्हा मोठ्या आदेशांना वाढतं दोलन दिसलं, कारण भाराखाली त्याची गती निम्म्याजवळ आली होती. गेन कमी केला, आदेशाच्या गतीवर मर्यादा घातली, अँटी-विंडअप (फिन टेकलेला असताना चूक साठू न देणारा उपाय) टाकला, आणि उंचीचा प्रतिसाद संथ झाला तो स्वीकारला. तेव्हापासून भारासकट मोजलेल्या ॲक्च्युएटरशिवाय मी मार्जिनचा आकडा कोणालाही देत नाही.

इंजिनाकडे तुमच्या मॉडेलमध्ये फक्त थ्रस्ट देणारी गोष्ट म्हणून पाहिलंय. स्क्रॅमजेटमध्ये अँगल ऑफ अटॅक किंवा साइडस्लिप मर्यादेबाहेर गेला, किंवा इंधन जास्त झालं, तर इनलेटमधला (हवा आत घेणाऱ्या तोंडातला) शॉक बाहेर फेकला जातो आणि अनस्टार्ट होतो. थ्रस्ट जातो आणि आघूर्ण अचानक बदलतो. १३ जून २०११ ला एक्स-५१ए या प्रायोगिक स्क्रॅमजेट यानाचं दुसरं उड्डाण अशाच अनस्टार्टने संपलं. म्हणून अँगल ऑफ अटॅकची मर्यादा गणितातल्या खर्चात (कॉस्टमध्ये) दंड म्हणून न घालता कठोर बंधन म्हणून धरा, आणि अंदाजातली चूक त्यातून आधीच वजा करा. मोजमापात अर्धा अंश चूक असू शकते आणि मर्यादा दोन अंशांची आहे, तर तुमच्याकडे दीडच अंश आहे. उंचीचा आदेश त्या दीड अंशात बसेल एवढाच झपाट्याने द्या. आदेश घडवणारा हा फिल्टर कधीकधी कंट्रोलरपेक्षा जास्त काम करतो.

तर तुमच्या पुढच्या आठवड्यासाठी असं सुचवतो. आहे तोच कंट्रोलर ठेवा. ॲक्च्युएटरला गतीची आणि कोनाची मर्यादा घाला, ४० मिलिसेकंद विलंब घाला, पहिले दोन लवचीक मोड सेन्सरच्या जागेसकट घाला, अँगल ऑफ अटॅकच्या मोजमापात वाऱ्याची चूक घाला. गुणांक सगळे एकाच दिशेने ३० टक्के बदलू नका. एलेव्हेटरची परिणामकारकता कमी आणि अस्थिरता जास्त, अशी वाईट जोडी मुद्दाम निवडा, कारण सगळे गुणांक एकत्र वाढवले की चुका एकमेकींना झाकतात. मग फिनचा आलेख आधी उघडा, उंचीचा नंतर. फिन किती वेळ कमाल गतीला टेकला, ट्रिमनंतर दोन्ही बाजूंना किती अंश उरले, हे लिहून काढा. स्लायडिंग मोडचा गेन कमी करत न्या आणि फिनचं टेकणं कुठे थांबतं ते पाहा. त्याच बिंदूवर लूप तोडून फेज मार्जिन मोजा आणि तोच प्रयोग एच-इन्फिनिटी कंट्रोलरवर करा. दोघांचे क्रॉसओव्हर जवळजवळ एकाच जागी आले तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते आकडे आणि फिनचे आलेख पाठवा, त्यावरून बाजूच्या प्रतलाचं मॉडेल कसं जोडायचं ते पुढे बोलू.